एका घरातला एकच

आगाथने काखेतलं गाठोडं सुनेच्या हातात कोंबलं, टोपी डोक्यावर दाबून धरली आणि मान इतकी मागे टाकली की मागून घाईत येणारे एक गृहस्थ तिच्यावर आदळलेच. ते काहीतरी वाकडं बोलून पुढे गेले. आगाथला त्यांचं काय! ब्रॉडवेवरच्या मोटारी, माणसं, पाट्या, सगळ्यांच्या वर, मे महिन्याच्या निळ्या आभाळात, एका पोलादी तुळईवर बोटाएवढा माणूस उभा होता आणि तो तिच्या पोटचा होता.

"तो बघ! कमरेवर हात ठेवून उभा आहे तो. आंगसच तो! पाटलासारखं असं दुसरं कोण उभं राहणार?"

"असेल," सेलिना म्हणाली.

"'असेल' काय? नवरा तुझा आहे ना तो? का बदलून घेतलास या शहरात येऊन?"

सेलिना हसली, पण अर्धवटच. तिला सातवा महिना होता आणि सकाळपासून ती सासूला त्या चौकातून हलवायच्या खटपटीत होती. टोप्यांचं दुकान दाखवून झालं. कॉफीचं आमिष दाखवून झालं. आगाथ जागची हलायला तयार नव्हती.

खरं तर ती सुनेच्या बाळंतपणाला आली होती. बाळंतपणाला अजून दोन महिने अवकाश होता, पण आंगसचं पत्र आलं की सिनेमा कंपनीच्या इमारतीचं पोलाद या आठवड्यात शिगेला पोचतंय, आणि आगाथने दुसऱ्याच दिवशी ट्रंक भरली. सरहद्दीपलीकडचं आपलं काहनावाके गाव सोडून तिचा पाय मॉन्ट्रियलपलीकडे कधी पडला नव्हता. तरी बाई एकटी आगगाडीत बसली, अख्खा प्रवास खिडकीला नाक लावून केला आणि ब्रुकलिनच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तिने पहिला प्रश्न विचारला तो सुनेच्या पोटाबद्दल नव्हता. "कुठे आहे ती इमारत?"

सिनेमाचं वेडच होतं तिला. गावात शनिवारी चर्चच्या सभागृहात पाद्रीबाबा चित्रं दाखवत, तेव्हा पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आगाथची. फिल्म मधेच तुटली की दिवा लागायचा आणि पुढे काय होणार ते आगाथ उभी राहून सगळ्यांना सांगायची. बहुतेक वेळा ते चुकायचं, पण गावकऱ्यांना तिचीच गोष्ट जास्त आवडायची.

काल रात्री जेवताना आंगसने टेबलावर डबे, वाट्या आणि शेवटी मिठाचं भांडं रचून आईला इमारत दाखवली होती. खाली रुंद, मग जरा मागे, मग अजून मागे, पायऱ्या पायऱ्यांनी वर.

"सरळ का नाही चढवत?" आगाथने विचारलं.

"कायदा आहे, आई. उंच जायचं असेल तर मागे सरत जायचं. म्हणजे रस्त्यावर ऊन पडतं."

"शहाणा कायदा. म्हाताऱ्या माणसांनासुद्धा लावायला हवा."

मग त्याने सांगितलं की वरच्या टप्प्यावर चारी बाजूंना घड्याळं बसणार, त्यांच्यावर आकडे नाहीत, आकड्यांच्या जागी तारे. त्याच्याही वर काचेचा एक प्रचंड गोल, तीन पुरुष उंच, आतून उजळणारा. नदीपलीकडच्या न्यू जर्सीतूनसुद्धा लोकांना किती वाजले ते कळणार. तळाशी नाट्यगृह. "आपलं सगळं गाव आणून बसवलं, कुत्र्यांसकट, तरी खुर्च्या उरतील."

"आणि पडदा?"

"आपल्या चर्चएवढा."

आगाथने घास खाली ठेवला होता. त्यानंतर तिने लाझारची चौकशी केली. लाझार धाकटा, बावीस वर्षांचा. तो नेवार्कला एका पुलाच्या कामावर आहे, रविवारी येईल, असं आंगसने सांगितलं. सांगताना तो मिठाच्या भांड्याकडे बघत होता. आगाथही भांड्याकडेच बघत होती, तिला त्याच्या जागी काचेचा गोल दिसत होता.

आता चौकात तिच्या शेजारी गवती टोपीवाला एक जाडा माणूस येऊन उभा राहिला होता. तोही वरच बघत होता आणि असे लोक असतात तसा, त्याला सगळं माहीत होतं.

"तेहतीस मजले, बाई. मोजून तेहतीस. या चौकात याहून उंच काही नाही."

आगाथची मान खाली आली.

"किती म्हणालात?"

"तेहतीस."

तिने मान डोलावली. टोपीवाला पुढे बरंच काही सांगत राहिला. तिला ऐकू आलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी क्वेबेकजवळ नदीवरचा अर्धा बांधलेला पूल एका संध्याकाळी, काम सुटायच्या जरा आधी, पाण्यात गेला होता, आणि काहनावाकेची तेहतीस माणसं त्याच्याबरोबर गेली होती. त्यात आगाथचा नवरा होता. तिचा सख्खा भाऊ होता. त्यांच्या दफनभूमीत अजून पोलादी तुळयांचे क्रॉस उभे आहेत. काही घरांत तर दिवा लावायला पुरुष म्हणून उरला नाही. तेव्हा गावातल्या बायका जमल्या आणि त्यांनी ठरवलं. पुरुषांना पोलादावरून उतरवता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं, त्यांनी तसा हट्टही धरला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की यापुढे सगळ्यांनी एका ठिकाणी जायचं नाही. विखरून जा. आणि एका घरातला एकच. दोन भाऊ एका पोलादावर नकोत, बाप आणि मुलगा नकोत. काहनावाकेत बायकांनी सांगितलेलं मोडायची रीत नाही. त्या जमावात सगळ्यात मोठ्याने बोलली होती ती आगाथ, कडेवर लाझारला घेऊन.

"आई, उन्हात बरं नाही वाटत मला," सेलिना म्हणाली. "आपण जाऊ या ना."

"जाऊ जाऊ. ती शेवटची तुळई चढते तेवढी बघते."

क्रेनचा दोर ताणला गेला. बांधकामाच्या आतल्या अंगणातून एक लांब तुळई डोलत वर निघाली आणि तिच्यावर, दोराला एका हाताने धरून, एक माणूस आरामात उभा होता. चौकातल्या गर्दीतून आरोळी उठली. आगाथही ओरडली, तिने टाळ्या वाजवल्या. तुळई पहिल्या टप्प्यावरून गेली, दुसऱ्या, तिसऱ्या, उन्हात चमकत अगदी माथ्यापाशी पोचली. आंगसने हात पुढे केला. वर चढलेला माणूस तुळईवरून उतरला.

उतरला तो आधी डावा पाय टाकून, क्षणभर थबकून, मग उडीच मारून.

आगाथच्या टाळ्या थांबल्या. होडीतून धक्क्यावर उतरताना एक पोरगं सहा वर्षांचं असल्यापासून असं उतरत होतं. शंभर वेळा तिने त्याला हटकलं होतं, अरे होडी उलटेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि आई तर चारशे फुटांवरूनही आईच असते.

ती सुनेकडे वळली.

"किती दिवस?"

"तीन आठवडे. मी नको नको म्हणत होते, आई. शप्पथ. पण त्यांनी मला..."

"राहतो कुठे?"

"आमच्याकडेच. तुम्ही आल्यापासून शेजाऱ्यांकडे झोपतो."

"म्हणजे काल मी जेवत होते तेव्हा भिंतीपलीकडे होता."

"तुमची भाकरी मी त्याला नेऊन दिली."

आगाथने पुन्हा वर बघितलं. टोपीवाल्याने विचारलं, तुमचं कोणी आहे का वर? तिने उत्तर दिलं नाही. याआधी तिने चार जणांना स्वतःहून सांगितलं होतं.

बाराचा भोंगा झाला. बाजूच्या रस्त्यावर, लाकडी कुंपणाच्या आत, कामगार जेवायला उतरत. तिथे सेलिना सासूला घेऊन गेली तेव्हा गावचे सहाजण फळ्यांवर बसले होते. आगाथला बघून सहाच्या सहा उठले आणि सहा टोप्या उतरल्या. लाझार पिंपाआड पाणी पीत होता. तोंड पुसत तो बाहेर आला आणि जागीच उभा राहिला.

"नेवार्क फारच जवळ आलं रे," आगाथ म्हणाली.

"आई, मी सांगणारच होतो. रविवारी."

"रविवारी काय सांगणार होतास? की इमारत झाली, पडली नाही?"

आंगस पुढे झाला. "त्याला बोलू नको. मी बोलावलं."

"तू गप्प बस. मिठाचं भांडं दाखवत होतास ना मला?"

मटायस डियाबो खाकरला. टोळीचा म्होरक्या तो, केस पिकलेले, आगाथच्या नवऱ्याबरोबर पोलादावर चढायला शिकलेला. पूल पडला त्या दिवशी तो दाढ दुखते म्हणून गावात राहिला होता.

"वहिनी, चूक माझी आहे. जोसेफला निमोनिया झाला. माझी रिव्हेटची चौकडी मोडली."

"मग दुसरा घ्यायचा."

"दुसरा कोण? एकजण भट्टीवर रिव्हेटचा खिळा लाल करतो, चिमट्याने तीस फूट लांब फेकतो. दुसरा तो डब्यात झेलून तुळयांच्या भोकात घालतो. तिसरा मागून रेटतो, चौथा ठोकतो. पायाखाली वीतभर पोलाद. तुम्हीच सांगा, तो डबा मी परक्याच्या हातात देऊ? आंगस टोळीत यायच्या आधी लाझार दोन वर्षं आमच्याबरोबर होता. मला त्याच्याकडे बघावंसुद्धा लागत नाही."

आगाथला हे सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा याच शब्दांत बोलायचा. आपल्या माणसाशिवाय चौकडी चढत नाही, ही पुरुषांची रीत. एका घरातला एकच, ही बायकांची. दोन्ही रीती याच गावच्या, आणि आज त्या समोरासमोर येऊन उभ्या होत्या.

"आता उरलंय काय?" तिने विचारलं.

"गोलाचा सांगाडा," आंगस म्हणाला. त्याला राहवलं नाही, त्याचा आवाजच चढला. "काचा नंतर दुसरे लोक बसवतील. पण पोलाद आपलं. दोन वाजता उचलायचा, चारला संपलं. मग याच्या वर काही नाही, आई. काहीच नाही. आभाळ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

लाझारने कमरेचा पट्टा सोडायला हात घातला.

"तर मी उतरतो," तो म्हणाला.

"तो उतरला तर आम्ही तिघंही बसणार," मटायस म्हणाला. "मग साहेब उद्या बाहेरची टोळी आणेल."

"लाझार कशाला? मी जातो घरी," आंगस म्हणाला. "मी वर नसलो तर झालं ना? मागे सरणं थोरल्याचंच काम आहे."

"वा! पहिल्या खांबापासून तू आहेस. मी आलोय परवा."

"तू गप्प, तुझ्याशिवाय चौकडी नाही!"

"आणि तुझ्याशिवाय तो गोल हाताने धरून बसवणार कोण? मटायसकाका? ते आता मिठाचं भांडंसुद्धा नीट बसवत नाहीत!"

मटायसला हसू आलं, ते त्याने टोपीत दाबलं. दोघं भाऊ एकमेकांसाठी भांडत होते आणि दोघांचेही डोळे दर दोन वाक्यांमागे वर जात होते. आगाथने ते बघितलं. असे डोळे तिने घरात रोज बघितले होते. नवऱ्याचे, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून.

तिने गाठोडं सोडलं. मक्याची उकडलेली भाकरी, त्यात लाल घेवडा, वर खारवलेल्या मांसाचे तुकडे. तिने सेलिनासकट आठ जणांना वाटलं. सगळे चावण्याचाही आवाज होऊ नये अशा बेताने खाऊ लागले. कोर्टात निकाल ऐकायला बसल्यासारखे ते बसले होते.

आगाथला भीती होतीच. पण तिच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, त्याची तिला लाज वाटत होती. तिला तो गोल वर जाताना बघायचा होता. आपल्या पोरांनी तो बसवताना बघायचा होता. गेली एकोणीस वर्षं तिने पोलादाचा राग केला होता, आणि सकाळी ती त्या तुळईसाठी टाळ्या पिटत होती.

"चार वाजता संपेल?"

"चार," मटायस म्हणाला.

"मग उद्या एकजण इथून जाईल."

"मी बॉस्टनला जातो," लाझार म्हणाला. "शप्पथ."

"शपथा राहू दे. खोटं बोलून झालंय, आता शपथेला काय चव?" तिने भाकरीचे तुकडे हातावरून झटकले. "जा. दोघं जा."

सहाही जण एकदम उभे राहिले. लाझारने आईला उचललंच असतं, तिने त्याच्या हातावर चापट मारली. आंगस मात्र तिच्याकडे बघत राहिला.

"आई, तू पलीकडच्या फुटपाथवर उभी राहा. सकाळी होतीस तिथेच. तिथून सगळं दिसतं."

"बरं."

"इमारतीखाली येऊ नको. खालून काही दिसत नाही. हे मागे सरलेले टप्पे आहेत ना, ते माथा झाकतात."

"बरं म्हटलं ना."

दोनला चौक माणसांनी गच्च भरला. बातमी पसरली होती. मोटारी थांबून माणसं टपावर चढत होती, समोरच्या खिडक्यांतून मुली डोकावत होत्या, वर्तमानपत्रवाला कॅमेऱ्याची तिपाई उघडत होता. गवती टोपीवाल्याने आगाथसाठी जागा धरून ठेवली होती. अंगणातून सांगाड्याचा पहिला हिस्सा वर निघाला, पोलादाच्या कमानी कमानी, पिंजऱ्यासारखा पोकळ, आणि त्याच्यामधून आभाळ दिसत होतं. केवढी आरोळी उठली! सेलिनाने सासूचा दंड घट्ट धरला.

"निघाला, आई! निघाला!"

आगाथने तिचे हात सोडवले. तिने फुटपाथची कड ओलांडली आणि दोन मोटारींमधून वाट काढत रस्ता पार करायला लागली. एका मोटारवाल्याने भोंगा वाजवला, शिवीही दिली. ती सरळ इमारतीच्या पायथ्याशी, कुंपणाच्या फळ्यांना पाठ लागेल इतकी आत जाऊन उभी राहिली. तिथून वर बघितलं तर पहिल्या टप्प्याची कड, आणि त्यापुढे काही नाही.

पोट सांभाळत सेलिना मागोमाग आली, धापा टाकत.

"आई, काय करताय? इथून काय दिसणार तुम्हाला? आणि वरून काही पडलं म्हणजे?"

"म्हणून तर आले. दोघं वर असताना मी लांब उभी राहणार नाही."

सेलिनाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिने सासूच्या शेजारी फळ्यांना पाठ टेकली.

"तू नाही," आगाथ म्हणाली.

"मी पण थांबते."

"तू पलीकडे जा. गुपचूप जा." आगाथने तिच्या पोटावर हात ठेवला. "घरातलं कोणीतरी बाहेर हवं. एवढी रीत तर पाळू."

"पण तुम्ही एवढ्या लांबून हेच बघायला..."

"तू बघ. नीट बघ, मधे डोळे मिटू नको. रात्री मला सगळं सांगायचं आहेस, आणि चुकीचं सांगितलेलं मला चालणार नाही."

सेलिना गेली. पोलिसाने तिच्यासाठी मोटारी थांबवल्या. गर्दीत शिरून ती टोपीवाल्याशेजारी उभी राहिली आणि तिने मान वर केली.

आगाथने वर बघायचा नाद सोडला. ती सुनेच्या तोंडाकडे बघू लागली. ते तोंड हळूहळू वर चढत होतं, हनुवटी उंच, अजून उंच. म्हणजे दुसरा टप्पा गेला असेल. एकदा सेलिनाने तोंडावर हात दाबला, आणि आगाथने पाठीमागची फळी धरली. मग हात खाली आला. सगळा चौक तोंड उघडून वर बघत होता, आणि त्या सगळ्यांकडे तोंड करून, त्यांच्यासमोर एकटी आगाथ उभी होती, पडद्याला पाठ लावून प्रेक्षकांकडे बघत बसल्यासारखी. तिची फळीवरची पकड सुटत नव्हती आणि तिला हसूही येत होतं.

अचानक टोप्या हवेत उडाल्या. त्या कल्लोळातून, खूप वरून, ठक-ठक-ठक असा आवाज यायला लागला. पहिली रिव्हेट.

"दोघं दिसतात का गं?" आगाथ हातांचा कर्णा करून ओरडली.

एवढ्या गोंगाटात सेलिनाला ते ऐकू गेलं नसावं. तिने मान खालीसुद्धा केली नाही. पण तिने उजवा हात उंच केला आणि दोन बोटं दाखवली.